त्रेपन्न लिही म्हटलं की ती ३५ लिहायची

त्रेपन्न लिही म्हटलं की माझी लेक ३५ लिहायची. बासष्ट म्हटलं की २६. अठ्ठेचाळीस म्हटलं की ८४. वहीचं पान भरून उलटे आकडे, आणि ती पान पुढे करून माझ्या तोंडाकडे बघत उभी. त्या दिवसांत माझ्या कपाटात चार वेगवेगळे अभ्यासक्रम होते. त्यांतल्या एकातही या उलट्या आकड्यांबद्दल एक ओळ नव्हती.

घरी शिकवायचं ठरवल्यापासून पुस्तकं पक्की होईपर्यंत आमचे जवळजवळ दहा महिने गेले. त्या महिन्यांत काय पाहिलं, काय टाकलं आणि काय ठेवलं ते लिहिते आहे.

आमचं घर साताऱ्यात, पण नवरा पुलांच्या कामावर इंजिनिअर. एका साइटवर दहा-बारा महिने, मग पुढची. लेक ज्युनिअर केजीत साताऱ्यातच होती, आजीपाशी. मी आणि ती तिथे, हे साइटवर, अशी दोन वर्षं काढली. बाबा दिसला की ती आधी दाराआड जायची आणि अर्ध्या तासाने त्याच्या मांडीवर यायची. ते मला सोसेना. २०२३च्या जूनमध्ये आम्ही तिघांनी एकत्र राहायचं ठरवलं आणि इगतपुरीच्या बाजूला साइटच्या कॉलनीत दोन खोल्यांत आलो. ती तेव्हा साडेपाच वर्षांची होती.

तिथून पुढे कर्नाटकात जावं लागणार हे माहीत होतं. म्हणजे पहिलं वर्ष मराठी मुलखात, अर्धं झाल्यावर कदाचित कन्नड, त्यानंतर कुठे ते ठाऊक नाही. तीन गावांत तीन माध्यमांच्या तीन शाळा, त्याही वर्षाच्या मध्यावर. म्हणून दुसरी संपेपर्यंत घरी शिकवायचं, एवढाच निर्णय आम्ही घेतला. त्याच्या पुढचा घेतलेला नाही.

सासूबाईंना हे पटलं नव्हतं. जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांची चौतीस वर्षं नोकरी झाली. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, शाळा म्हणजे पुस्तक नव्हे. चाळीस पोरांत बसायला शिकतं ना पोर, ते तू घरी कुठून आणणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोडं थांबून त्याच म्हणाल्या, "करायचंच असेल तर आखून कर. आज मूड आहे म्हणून शिकवलं, उद्या पाहुणे आले म्हणून राहिलं, असं नको." नंतर मी जे काही निवडलं ते या एका वाक्यावर घासून बघितलं.

पहिल्यांदा कायदा वाचला. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. त्याचं कलम १० सांगतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. तसं न केल्यास पालकाला शिक्षा किंवा दंड असं मात्र त्यात कुठे लिहिलेलं नाही. ते कलम मी तीनदा वाचलं. दंड नाही म्हणून कर्तव्य संपतं असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. धीर आला तो कलम ४ आणि ५ वाचून. शाळेबाहेर राहिलेलं मूल कधीही आलं तरी त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं, मागे पडलं असेल तर त्याला वेगळं शिकवायचं, आणि दाखल्याचा कागद नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही, असं तिथे आहे. परतीचं दार उघडं आहे हे कळल्यावर आम्ही दोघं त्या रात्री नीट झोपलो.

पुढची दारंही पाहून ठेवली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे प्राथमिक टप्पे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे धरतात. आपल्या राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला देता येते. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तर आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत असतो. पाच वर्षांच्या पोरीसाठी एवढा पुढचा विचार कशाला, असं कुणी म्हणेल. मला तो करावासा वाटला, कारण भीती पोटात ठेवून पुस्तकं निवडायला बसलं की माणूस सगळ्यात जाड पुस्तक निवडतो.

आणि मी तेच केलं. त्या उन्हाळ्यात नणंद अमेरिकेहून आली तेव्हा तिच्या मुलांचा घरी शिकायचा जुना संच घेऊन आली. एका खोक्यात वर्षभराचं सगळं. छत्तीस आठवडे, प्रत्येक दिवसाचं पान वेगळं, आईने काय बोलायचं तेसुद्धा छापलेलं. इतकी सुबक पुस्तकं मी पहिल्यांदाच बघत होते. "आखून कर" म्हणजे हेच, असं वाटलं. कॉलनीतल्या खोलीत भिंतीला टेकून छोटं टेबल लावलं आणि जुलैत सुरुवात केली.

संच चांगला होता हे आधी सांगते. धडे लहान होते, दहा-बारा मिनिटांचे. आधी वस्तू हातात द्यायच्या, मग चित्र काढायचं, मग आकडा लिहायचा, हा क्रम मला तिथेच पक्का कळला. रोज मोठ्याने गोष्ट वाचायची आणि मुलाला ती आपल्या शब्दांत परत सांगू द्यायची, हेही त्यात होतं. शार्लट मेसन नावाच्या इंग्लंडमधल्या शिक्षिकेने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच गोष्टीवर फार भर दिला होता. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आम्ही काय वेगळं करत होतो? गोष्ट झाली की उठवायचो एकेकाला, सांग म्हणून."

पण नाण्यांचा धडा आला. पेनी, निकेल, डाइम. यातलं एकही नाणं माझ्या लेकीने कधी पाहिलेलं नाही. तिला एक रुपया, दोन रुपये, पाच रुपये माहीत, कारण कॉलनीच्या टपरीवर ती स्वतः बिस्किटाचा पुडा आणते. मग ऋतू आले. चार ऋतू, त्यांत पानं गळायचा एक आणि बर्फाचा एक. बाहेर इगतपुरीचा पाऊस असा की समोरची डंपरची रांग दिसत नव्हती, आणि आम्ही आत बसून बर्फाच्या माणसाला रंग देत होतो. मोजायचं ते इंचांत. अंक इंग्रजी, आणि तो इंग्रजी नऊ तर तिला आपल्या देवनागरी १ सारखाच वाटायचा, कारण आजीने तिला १ शिकवला होता.

हे सगळं बदलून घेता आलं असतं. मी बदलतही होते, पेनीच्या जागी रुपया चिकटवत होते. बदलता आली नाही ती एक गोष्ट. टेबलाशी बसली की पोर बोलायची थांबायची. एरवी तिचं तोंड मिटत नाही. मुंगी दिसली तर मुंगीच्या सासरपर्यंत गोष्ट नेते. टेबलावर मात्र मी इंग्रजीत विचारलं की ती इंग्रजीत एक शब्द द्यायची, कधी नुसती मान हलवायची. गोष्ट परत सांग म्हटलं तर दोन शब्द, आणि डोळे खाली. तिला गोष्ट कळली नव्हती असं नाही. सांगायला तिच्याकडे ती भाषाच नव्हती. तीन आठवडे मी हे बघितलं आणि चौथ्या आठवड्यात खोकं बंद केलं. तिच्यावर तीन आठवडे गप्प राहायची वेळ मी आणली, याचं मला आजही वाईट वाटतं.

यानंतर मोबाइलवरचं एक ॲप झालं, पण त्याच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ती उत्तर न वाचता तिन्ही चौकोन दाबून बघायची आणि चांदण्या मिळवायची. आठ दिवसांत काढून टाकलं.

मग मी पुस्तकं बघायचं थांबून धोरणं वाचली. लहान मुलांच्या शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा २०२२च्या ऑक्टोबरमध्ये आला आहे. तीन ते आठ वर्षं हा त्यात एकच सलग टप्पा धरला आहे. तीन ते सहा या वयाला पाठ्यपुस्तकच नको, आणि शिकवायचं ते शक्यतो घरच्या भाषेत, असं त्यात स्पष्ट आहे. एनसीईआरटीची पहिली-दुसरीची नवी पुस्तकं त्याच आराखड्यावर २०२३मध्ये आली. आमच्या यादीत ती होती, कारण साइटवरचे बरेच जण केंद्रीय अभ्यासक्रमच धरतात. बदली कुठेही झाली तरी तो सगळीकडे सापडतो. गणिताचं पुस्तक मला आवडलं. भाषेचं मात्र हिंदी. हिंदीला माझा विरोध नाही, लेक ती खेळताखेळताच शिकली. पण वाचायला पहिल्यांदा शिकायचं ते हिंदीतून का? हिंदी पुस्तकातला ल वेगळा, श वेगळा. आणि हिंदीच्या वर्णमालेत ळ नाही. माझ्या लेकीचं जग ळ ने भरलेलं आहे. बाळ, केळं, कावळा, पावसाळा, गोळा, डोळे, खेळ. जी भाषा ती बोलते तिचं एक अक्षरच पहिल्या पुस्तकात नसणार, हे मला मान्य होईना.

म्हणजे भाषा मराठी, इथवर आले. तोवर दिवाळी झाली होती.

डिसेंबरात एके दुपारी कॉलनीत एक बाई आल्या. जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिका, हातात फॉर्मांचा गठ्ठा, चपला चिखलाने जड झालेल्या. शाळाबाह्य मुलांची नोंद करत होत्या. आमच्या पलीकडे झारखंड आणि ओडिशातून आलेल्या कामगारांच्या खोल्या आहेत, त्यांच्या मुलांसाठी त्या आल्या होत्या. माझ्या दारात थांबल्या आणि लेकीचं वय विचारलं. माझ्या छातीत धडधडलं. खरं ते सांगितलं.

"सहा पूर्ण नाहीत अजून," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात झाली की ताई, तुमची मुलगी माझ्या यादीत येणार."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी आत बोलावलं, चहा ठेवला. त्यांनी टेबल बघितलं, वह्या बघितल्या, लेकीशी बोलल्या. दहा मिनिटांत लेक त्यांना कॉलनीतल्या मांजरीची तीन पिल्लं कुठे ठेवली आहेत ते सांगत होती. मग त्यांनी मला विचारलं, "पहिली संपताना तिला काय काय यायला पाहिजे, हे तुम्ही कशावरून ठरवलंय?" मी खोक्याकडे बोट दाखवलं. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून दिला. निपुण भारतची उद्दिष्टं. हे अभियान केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये सुरू केलं. पहिली संपताना मुलाने न वाचलेल्या मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं अर्थ समजून वाचावीत, ९९पर्यंतचे अंक वाचावेत-लिहावेत, सोपी बेरीज-वजाबाकी करावी. दुसरी संपताना ९९९पर्यंत अंक, आणि मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचन.

एवढंच? मी तो कागद हातात धरून बसले. वर्षभरात एवढंच करायचं आहे, आणि ते तिच्या भाषेत करायचं आहे. बाकीचा वेळ मांजरीच्या पिल्लांना. छत्तीस आठवड्यांच्या खोक्याने मला जो घोर लावला होता तो त्या एका पाठपोट कागदाने उतरवला. बाई जाताना म्हणाल्या, "बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. आणि तुम्ही इथे असेपर्यंत शनिवारी तिला शाळेत पाठवा, आमचे खेळ असतात." आम्ही इगतपुरी सोडेपर्यंतच्या सगळ्या शनिवारी लेक त्या शाळेत गेली. चाळीस पोरांत बसायला ती तिथेच शिकली. सासूबाईंना मी हे फोन करून मुद्दाम सांगितलं.

बालभारती म्हणजे १९६७ साली पुण्यात सुरू झालेली पाठ्यपुस्तक मंडळाची संस्था. आपण सगळे तिच्याच पुस्तकांवर वाढलो, म्हणून ती डोळ्यांसमोर असून दिसत नाही. मीही तिचं पुस्तक सगळ्यात शेवटी उघडलं. पहिली नजर टाकली तर वाटलं, क ख ग घ कुठे आहे? अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने नव्हती. सासूबाईंना विचारलं.

"क ख ग घ ङ शिकवून पोर कोणता शब्द वाचणार?" त्या म्हणाल्या. "चार अशी अक्षरं दे की त्यांतून लगेच शब्द होईल. म, ग, र, न. मगर वाचता येईल, नगर वाचता येईल. पोराला आपण वाचलं असं वाटलं पाहिजे ना पहिल्या आठवड्यात."

आणि तसंच झालं. पाचव्या दिवशी तिने 'गरम' वाचलं आणि चहाच्या कपाकडे बघितलं. काना, मात्रा सरळ गेले. पहिल्या वेलांटीला अडली, आणि तीही खऱ्या कारणासाठी. बोलताना 'इ' मागून येते, लिहिताना पहिल्या वेलांटीची रेघ अक्षराच्या आधी उभी राहते. 'दिवा' लिहिताना ती आधी द काढून मग वेलांटीला जागा शोधायची. मी तिला म्हटलं, वेलांटी पुढे येऊन दार उघडते. दुसऱ्या दिवसापासून ती द काढायच्या आधी बोटाएवढी जागा सोडू लागली.

सासूबाई फेब्रुवारीत आमच्याकडे राहायला आल्या. तोवर आम्ही धारवाडजवळच्या साइटवर गेलो होतो. त्यांच्या पिशवीत एक डबा होता: दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे, काही सुट्ट्या काड्या, चिंचोके, आणि शंभर मण्यांची माळ, दहा लाल मग दहा पांढरे अशी ओवलेली. तरुणपणी एकदा त्या कोसबाडला जाऊन आल्या होत्या. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला, माँटेसरीची पद्धत इथल्या मुलांसाठी बदलून घेतली, आणि पुढे बोर्डीत आणि कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर वारली मुलांसाठी काम केलं. महागड्या लाकडी साधनांच्या जागी त्यांनी बिया, शिंपले, खडे घेतले. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, गुरांमागे असेल तर कुरणात न्यायची. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी झाला आहे. त्याचा उगम त्या अंगणात आहे. सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडबाहेर खुर्च्या टाकून बसलो होतो, आणि समोर लेक खडीच्या ढिगावर होती. घरी शिकवायला त्यांनी मनापासून होकार दिला तो त्या संध्याकाळी.

आणि आता तो त्रेपन्न.

उलटे आकडे धारवाडला सुरू झाले, कारण वीसच्या पुढे आम्ही तिथे गेलो. मला आधी वाटलं हिला आरशासारखं उलटं दिसतं की काय. इंटरनेटवर वाचून घाबरले. सासूबाईंनी वही बघितली आणि म्हणाल्या, "ती ऐकते तसंच लिहितेय. त्रे-पन्न. आधी तीन ऐकलं, तीन लिहिलं. मग पन्नास ऐकलं, पाच लिहिलं. चूक काय तिची?"

मराठीत एककाचा शब्द आधी येतो आणि दशकाचा मागून, हे मी चाळीस वर्षांत कधी ऐकलंच नव्हतं. लिहितो मात्र दशक आधी. त्यातून तो दोन कुठे कुठे लपतो पाहा: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. आणि एकोणतीस, एकोणचाळीस हे तर पुढच्या दशकाचं नाव सांगतात आणि लिहायचं मागचं. इंग्रजीत हे संकट वीसनंतर नाही. अमेरिकेच्या संचात याच्याबद्दल ओळ नव्हती ती म्हणूनच.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'त्रेपन्न'बरोबर 'पन्नास तीन' असं वाचनही दिलं होतं. जून महिन्यात त्यावरून केवढा गदारोळ झाला, विधिमंडळातही विषय गेला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या आणि त्या शांतपणे सांगत राहिल्या की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना समजायला सोपी पायरी दिली आहे. त्या वेळी सासूबाई विरोधात होत्या. मराठी बुडवायला निघाले, असं म्हणाल्याचं मला आठवतं. मी तर तेव्हा नुसती बातमी वाचून पान उलटलं होतं.

धारवाडला एका सकाळी मी चहा करत होते आणि बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. पाच गठ्ठे आणि तीन सुट्ट्या काड्या मांडून त्या लेकीला सांगत होत्या, "हे बघ, पन्नास आणि तीन. पन्नास तीन. त्यालाच आपण म्हणतो त्रेपन्न." मी गॅस बारीक केला आणि तिथेच थांबले. नातीपुढे आपलं मत बदलताना त्यांना जराही जड गेलं नाही.

तरी पूर्ण गाठ सुटली ती शेजारच्या मुलांमुळे. लगोरीत ती कन्नडमध्ये गुण मोजायला शिकली. इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक, आणि एकवीस म्हणजे इप्पत्तोंदु. एकदा संध्याकाळी धावत आली आणि म्हणाली, "आई, हे लोक लिहितात तसंच बोलतात!" मग आम्ही दोघींनी शेजारच्या काकूंना विचारून त्रेपन्न काढला. ऐवत्तमूरु. ऐवत्तु पन्नास, मूरु तीन. तिने मातीत ५३ लिहिलं, बरोबर. मग स्वतःच म्हणाली, "आणि आपण लिहितो त्याच्या उलटं बोलतो." त्यानंतर आठ-दहा दिवसांत उलटे आकडे जवळजवळ थांबले. आजही घाईत एखादा येतो, पण ती स्वतः थबकते, ओठांत 'पन्नास तीन' पुटपुटते आणि खोडून लिहिते.

माझी निवड इथे पक्की झाली. वाचनाला बालभारतीचं पहिलीचं पुस्तक, त्यातल्या क्रमाने. गणिताला काड्या आणि माळ, आकडे दोन्ही नावांनी, आणि सरावाला बालभारती नि एनसीईआरटी दोन्हींतली पानं. अमेरिकेच्या खोक्यातून लहान धडा, गोष्टीचं पुन्हा सांगणं आणि चित्र काढून गणित मांडणं एवढं ठेवलं. बाकी संच कॉलनीतल्या दुसऱ्या कुटुंबाला दिला, त्यांची मुलं इंग्रजीतच बोलतात आणि त्यांना तो छान चालतो आहे. इंग्रजी सध्या कानाने: रोज एक गोष्ट, काही गाणी, लिहिणं नाही. सकाळी दीड तास, आठवड्यातले पाच दिवस, पाहुणे आले तरी. बाईंनी दिलेली निपुणची यादी भिंतीला लावली आहे आणि महिन्यातून एकदा तिच्यासमोर उभी राहून बघते.

कुणी विचारलं की अभ्यासक्रम कसा निवडू, तर मी आधी एकच विचारते: मूल झोपेत कोणत्या भाषेत बोलतं? पुस्तकं त्यानंतर. आणि वर्षाची खरेदी एकदम करू नका. आम्ही आता तीन-तीन महिन्यांचंच ठरवतो.

ज्या गोष्टी घरी होत नाहीत त्या होत नाहीत. दहा मुलांचा गलका, दुसऱ्याचा नंबर आधी येणं, बाईंनी आपल्याकडे न बघणं हे मी देऊ शकत नाही. लगोरी थोडंफार देते. म्हणून दुसरी संपली की शाळा, यावर मी ठाम आहे. तेव्हा आम्ही साताऱ्यात असलो तर माझ्या घरापासून दहा मिनिटांवरची मराठी शाळा मी बघून ठेवली आहे. तिथल्या मुख्याध्यापिकांनी वयाचा पुरावा आणा, बाकी आम्ही बघतो, असं सांगितलं आहे.

गेल्या आठवड्यात माळ मोजताना लेक एकोणनव्वदला थांबली. 'एकोण' म्हणजे एक कमी, हे तिला आजीने सांगितलं आहे. पुढे मोजत शेवटाला आली आणि तिने आजीला फोन लावायला लावला.

"आजी, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणनव्वद. मग शंभरला एक कमी तर एकोणशंभर का नाही? नव्व्याण्णव का?"

फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "चौतीस वर्षांत मला कुणी हे विचारलं नाही, बाळ. मी शोधते. तूपण शोध."

दोघी अजून शोधताहेत.